माइनक्राफ्टमधील छुपी प्रकाशयोजना

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करण्याच्या व्हिडिओ गेममध्ये प्रकाशाचा स्रोत दृष्टीआड ठेवून खोली, रस्ता, बाग किंवा तळे उजळण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना छुपी प्रकाशयोजना असे म्हटले जाते. गालिच्याखाली, चित्रामागे, झाडाच्या पानांत किंवा जमिनीतील झाकणाखाली प्रकाश देणारा ठोकळा बसवला जातो. ठोकळा दिसत नाही, त्याचा उजेड मात्र पसरतो. या पद्धतींचा हेतू केवळ शोभेचा नाही. या खेळात अंधार हाच धोका असल्यामुळे प्रत्येक बांधकामाला प्रकाश देणे भाग असते, आणि तो मशालींनी दिला तर बांधकामाचे रूप बिघडते. छुपी प्रकाशयोजना हा सुरक्षितता आणि सौंदर्य यांतील पेच सोडवण्याचा मार्ग आहे.

'प्रकाशयोजना' हा शब्द मराठीत मुख्यतः रंगभूमीमुळे परिचित झाला. दिवा प्रेक्षकाला दिसू नये आणि उजेड मात्र पात्रावर पडावा, ही नाट्यगृहातील जुनी रीत येथेही लागू पडते. म्हणून तो शब्द या विषयास चपखल आहे. या लेखातील वर्णन, अन्यथा उल्लेख नसल्यास, खेळाच्या जावा आवृत्तीचे आहे.

पार्श्वभूमी

माइनक्राफ्टची निर्मिती स्वीडिश प्रोग्रॅमर मार्कुस पेर्सन यांनी केली. खेळ २००९ साली सार्वजनिकरीत्या उपलब्ध झाला आणि त्याची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने मोजँग ही निर्माती कंपनी अडीच अब्ज अमेरिकी डॉलरला विकत घेतली.

खेळातील जग घनाकृती ठोकळ्यांचे आहे. खेळाडू दगड, लाकूड, माती असे ठोकळे काढतो आणि हव्या त्या ठिकाणी रचतो. रात्री आणि गुहांमधील काळोखात झोंबी, सांगाडे, कोळी व क्रीपर असे हल्लेखोर जीव उपजतात. यांपैकी क्रीपर बांधकाम करणाऱ्याचा खरा वैरी होय. तो खेळाडूजवळ येऊन स्फोट करतो आणि त्या स्फोटात भिंतीचे, जमिनीचे ठोकळे उडून जातात. अनेक दिवस खपून उभारलेल्या वाड्याच्या एखाद्या कोपऱ्यात उजेड पोहोचला नाही, तर तो कोपराच घाताचे स्थान ठरू शकतो.

सर्वांत सोपा उपाय मशालीचा. कोळसा आणि काठी यांपासून एका वेळी ४ मशाली तयार होतात व त्या जमिनीवर किंवा भिंतीवर कोठेही लावता येतात. परिणामी नवख्या खेळाडूचे घर ओळखण्याची खूण म्हणजे जागोजागी खोचलेल्या मशाली. दिवाणखान्याच्या फरशीवर मधोमध उभी असलेली मशाल सुरक्षित असते, शोभून दिसत नाही.

ग्लोस्टोन हा पूर्ण आकाराचा प्रकाशमान ठोकळा ऑक्टोबर २०१० मधील हॅलोवीन अद्ययावतीकरणात आला. त्याच वेळी कोरलेल्या भोपळ्यात मशाल ठेवून केलेला जॅक-ओ-लँटर्नही आला. मशाल लावण्यासाठी मोकळी जागा लागते. हे ठोकळे मात्र जमिनीत किंवा भिंतीत इतर ठोकळ्यांच्या रांगेत बसवता येतात. छुप्या प्रकाशयोजनेचा आरंभ येथून मानता येतो. पुढे २०१३ च्या १.६ आवृत्तीत गालिचा आला आणि दिवा झाकण्याचे सर्वांत सोयीचे साधन हाती लागले.

प्रकाशपातळी

माइनक्राफ्टमधील प्रकाश हा किरणांचा नसून अंकांचा आहे. जगातील प्रत्येक घराला, म्हणजे एका ठोकळ्याएवढ्या जागेला, ० ते १५ यांपैकी एक प्रकाशपातळी असते. प्रत्यक्षात असे दोन अंक साठवले जातात: एक आकाशातून येणाऱ्या उजेडाचा आणि दुसरा ठोकळ्यांपासून मिळणाऱ्या उजेडाचा. छुप्या प्रकाशयोजनेचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी येतो.

स्रोतापासून एक घर दूर गेले की पातळी १ ने कमी होते. अंतर मात्र सरळ रेषांनीच मोजले जाते, कर्णाने नव्हे. बुद्धिबळातील हत्तीप्रमाणे प्रकाश पुढे-मागे, डावी-उजवीकडे किंवा वर-खाली जातो. तिरके घर गाठायला त्याला दोन पावले लागतात. त्यामुळे सपाट जमिनीवरील दिव्याचा उजेड वर्तुळाकार न पसरता शंकरपाळ्याच्या आकारात पसरतो. हा आकार ध्यानात न घेता दिव्यांची आखणी केली, तर कोपरे हमखास अंधारात राहतात.

हल्लेखोर जीव कोणत्या पातळीला उपजतात हा नियम १.१८ या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्ये, बदलला. त्यापूर्वी पातळी ७ किंवा त्याहून कमी असली की धोका होता. त्यानंतर मुख्य जगात, जेथे ठोकळ्यांपासून मिळणारा प्रकाश ० आहे अशाच जागी बहुतेक हल्लेखोर जीव उपजतात. त्याच आवृत्तीत गुहा पूर्वीपेक्षा पुष्कळ विस्तीर्ण व खोल झाल्या होत्या; जुना नियम ठेवला असता तर त्या उजळणे अतिशय कष्टाचे झाले असते. नेदर या पाताळसदृश जगात शून्याचा हा नियम लागू होत नाही. स्लाइम हा चिकट जीवही याला अपवाद आहे: काही ठराविक भूखंडांत, जमिनीखाली खोलवर, तो लख्ख उजेडातही उपजतो.

छपरात काच बसवून दिवसाचा उजेड आत घेणे हा रात्रीचा उपाय होऊ शकत नाही, हे यावरून लक्षात येईल. आकाशाचा प्रकाश सूर्यास्तानंतर क्षीण होतो. ठोकळ्यांचा प्रकाश अहोरात्र कायम राहतो.

दिसणे आणि अडवणे

छुपी प्रकाशयोजना शक्य होण्याचे मूळ कारण असे की, एखादी वस्तू डोळ्यांना अपारदर्शक दिसते की नाही आणि ती प्रकाशाचा अंक अडवते की नाही, हे दोन गुणधर्म या खेळात परस्परांपासून स्वतंत्र आहेत. लोकरीचा गालिचा दाट, रंगीत व अपारदर्शक दिसतो. त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही. परंतु प्रकाशाच्या हिशेबात ते घर जवळजवळ हवेसारखेच धरले जाते. वास्तवात जाड सतरंजीखाली बल्ब ठेवला तर खोलीत काळोखच राहील. येथे मात्र खोली उजळते.

दगड, माती, फळ्या असे भरीव पूर्ण ठोकळे प्रकाश पूर्णपणे अडवतात. गालिचा, ट्रॅपडोअर, दार, पाटी, कुंपण, काच यांच्यातून तो जातो. दार बंद असले तरी त्यातून उजेड पलीकडे जातो ही बाब नवख्यांना चकित करते. याच्या उलट वागणारा ठोकळाही खेळात आहे. साध्या काचेभोवती अमेथिस्टचे ४ तुकडे ठेवून केलेल्या गडद काचेतून पलीकडचे दिसते, पण प्रकाश तिच्यातून जात नाही. जेथे मुद्दाम अंधार राखायचा असतो आणि आतले पाहायचेही असते, तेथे ती वापरतात.

आच्छादने

गालिच्याची पद्धत सर्वांत प्रचलित आहे. फरशीतील एक ठोकळा काढून त्या जागी ग्लोस्टोन अथवा अन्य प्रकाशमान ठोकळा बसवायचा आणि वर गालिचा अंथरायचा. गालिचा १६ रंगांत मिळतो व त्याची जाडी ठोकळ्याच्या सोळाव्या भागाएवढीच असल्याने चालताना अडथळा होत नाही. केवळ दिव्यावरच एक तुकडा टाकला तर तो ठिगळासारखा दिसतो आणि लपवाछपवी उघडी पडते. म्हणून जाणकार खोलीभर गालिचा अंथरतात किंवा दोन-तीन रंगांची नक्षी करून दिवा तिच्या मध्यभागी आणतात. १.१७ आवृत्तीत शेवाळाचा गालिचा आल्यापासून हीच युक्ती बागेत व पायवाटेवर वापरता येऊ लागली. त्यापूर्वी उघड्या हिरवळीवर दिवा लपवायला हिरव्या लोकरीखेरीज फारसे काही नव्हते, आणि लोकर गवतात मिसळत नाही.

ट्रॅपडोअर म्हणजे जमिनीतील किंवा छतातील झाकणवजा दार. एक घर खोल खड्ड्यात दिवा ठेवून वर ट्रॅपडोअर बंद केला की त्यावरून चालता येते आणि उजेडही वर येतो. ओक लाकडाच्या ट्रॅपडोअरला छिद्रे असतात, त्यातून दिवा डोकावतो. स्प्रूस आणि गडद ओक यांचे ट्रॅपडोअर भरीव दिसतात व लाकडी तुळयांच्या छतात सहज मिसळतात. लाकडी ट्रॅपडोअर हाताने उघडतो, म्हणून चुकून उघडला गेल्यास दिवा उघडा पडतो. लोखंडी ट्रॅपडोअर केवळ रेडस्टोनच्या संकेतानेच उघडत असल्यामुळे ही अडचण त्याला नाही.

चित्राची गोष्ट आणखी वेगळी आहे. चित्र हा ठोकळा नव्हेच. ती भिंतीला लटकणारी स्वतंत्र वस्तू आहे. प्रकाशाचा हिशेब फक्त ठोकळ्यांचा होत असल्याने चित्र त्यात मोजलेच जात नाही. भिंतीत पूर्ण आकाराचा प्रकाशमान ठोकळा बसवून त्यावर चित्र टांगले की भिंत स्वतःच उजळल्यासारखी दिसते. कोणते चित्र येईल हे सामान्य खेळात उपलब्ध जागेनुसार आपोआप निवडले जाते, त्यामुळे हवे ते चित्र मिळेपर्यंत ते काढून पुन्हा लावावे लागते. चित्रे लहानात लहान एका घराची व मोठ्यात मोठी ४ × ४ घरांची असतात. मोठ्या चित्रामागे दिव्याची जागा शोधून काढणे पाहुण्याला जवळजवळ अशक्य होते.

झाडाच्या पानांतून ठोकळ्यांचा प्रकाश हवेइतक्याच घटीने जातो. झाडाच्या शेंड्यात किंवा कुंपणाच्या झुडपात मधले एक पान काढून तेथे दिवा ठेवला की रस्त्याच्या कडेची झाडे रात्री सौम्य उजळतात. कात्रीने काढून खेळाडूने स्वतः लावलेली पाने गळत नाहीत, त्यामुळे नुसत्या पानांचे झुडूपही टिकते. खांबावरच्या दिव्यांपेक्षा गावाच्या रस्त्याला हा उपाय शोभतो, असे पुष्कळ बांधकामांवरून दिसते.

पायऱ्या आणि अर्धे ठोकळे यांबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. २०१९ च्या १.१४ आवृत्तीपासून जावा आवृत्तीत यांचा प्रकाशाशी संबंध दिशेनुसार ठरतो: जी बाजू पूर्ण भरलेली आहे ती प्रकाश अडवते, जी अर्धवट आहे ती त्याला वाट देते. साध्या पायरीची खालची व पाठीमागची बाजू पूर्ण भरलेली असते. म्हणून जिन्याच्या पायरीखाली ग्लोस्टोन पुरला तर त्याचा उपयोग होत नाही. तोच ठोकळा जिन्याच्या लगतच्या भिंतीत, पायरीच्या कडेला बसवला तर उजेड पायरीच्या घरात येतो आणि तेथून जिन्यावर पसरतो. खालच्या अंगाला बसवलेल्या अर्ध्या ठोकळ्याचेही तसेच: त्याचा तळ पूर्ण असल्याने तो खालच्या दिव्याला झाकण घालतो आणि त्याबरोबर विझवतोही. १.१४ पूर्वी हे नियम वेगळे होते, त्यामुळे जुन्या काळच्या मार्गदर्शनाबरहुकूम केलेले काम फसण्याचा संभव असतो.

काच लपवत नाही, परंतु रंगीत काच दिव्याचे मूळ रूप बदलते. रंगीत काचेतून प्रकाशाची पातळी पूर्ण जाते; उजेडाला मात्र काचेचा रंग चढत नाही. लाल काचेमागील ग्लोस्टोनने खोली लाल होत नाही.

स्रोताची निवड

ग्लोस्टोन, सी लँटर्न, जॅक-ओ-लँटर्न, श्रूमलाइट, फ्रॉगलाइट आणि पेटलेला रेडस्टोन दिवा या सर्वांची पातळी कमाल म्हणजे १५ आहे. दिवा झाकायचाच असेल तर त्याचे रूप गौण ठरते, आणि मग प्रश्न उरतो तो केवळ सुलभतेचा. या दृष्टीने जॅक-ओ-लँटर्न उजवा ठरतो. भोपळा शेतात पिकवता येतो, कात्रीने कोरता येतो आणि त्यात एक मशाल घातली की काम होते. नेदरमध्ये जाण्याची जोखीम घ्यावी लागत नाही. त्याचा विचकट चेहरा उघड्यावर अनेकांना रुचत नाही, पण गालिच्याखाली तो कोण पाहतो!

ग्लोस्टोन नेदरच्या छताला लटकलेला आढळतो. साधनाने फोडला तर त्याची २ ते ४ चिमटी पूड मिळते आणि ४ चिमटींचा पुन्हा एक ठोकळा होतो, म्हणजे फोडण्यात बहुधा तोटाच. सी लँटर्न समुद्रतळावरील स्मारकांशी निगडित आहे. तो करण्यास प्रिझमरीनचे ४ तुकडे व ५ स्फटिक लागतात. फ्रॉगलाइट मिळवण्याची रीत गमतीची आहे: बेडकाने लहान आकाराचा मॅग्मा क्यूब गिळला की हा ठोकळा पडतो, आणि बेडूक कोणत्या जातीचा यावर ठोकळ्याचा पिवळसर, हिरवट किंवा गुलाबीसर रंग ठरतो. इतक्या खटपटीने मिळवलेला दिवा सहसा कोणी लपवत नाही.

मशालीची पातळी १४ आहे. साधा कंदील १५ देतो, तर निळ्या ज्योतीचा सोल कंदील १०. ज्योत निळी असली तरी मूळ खेळात त्याचा पसरलेला उजेड निळा नसतो. लाव्हादेखील १५ पातळी देतो व तो काचेखाली लपवणारेही आहेत. पण लाव्हा आसपासच्या लाकडाला आग लावतो, त्यामुळे लाकडी घरात हा प्रयोग घर गमावण्याची तयारी ठेवूनच करावा लागतो. मंद उजेड हवा असेल तेथे ७ पातळीचे चमकते दगडफूल, म्हणजे ग्लो लायकेन, उपयोगी पडते. ते गुहेच्या दगडावर नैसर्गिकरीत्या उगवलेले वाटते, त्यामुळे त्याला लपवण्याची गरजच भासत नाही.

अंतराचे गणित

फरशीत पुरलेल्या १५ पातळीच्या दिव्याच्या लगेच वरच्या घरात, म्हणजे खेळाडूचे पाय जेथे असतात तेथे, पातळी १४ असते. तेथून आडवे जितकी घरे दूर जावे तितकी ती कमी होते. १३ घरांवर ती १ उरते आणि १४ घरांवर ०. म्हणून सरळ बोळात दोन दिव्यांमध्ये २६ घरे मोकळी सोडली तरी चालते.

मोठ्या दालनात मात्र कोपऱ्यांचा विचार करावा लागतो. १३ × १३ घरांच्या खोलीत मध्यभागी एकच दिवा ठेवला, तर कोपरा ६ अधिक ६, म्हणजे १२ पावलांवर येतो आणि तेथे पातळी २ राहते. खोली सुरक्षित झाली. याच मापाचे चौकोन जोडत गेले की ३९ × ३९ घरांच्या सभामंडपाला ९ दिवे पुरतात. १.१८ पूर्वीच्या नियमाने प्रत्येक घरात किमान ८ पातळी आवश्यक होती, म्हणून दर ७ घरांवर दिवा लागे आणि त्याच मंडपाला ३६ दिवे द्यावे लागत. नियमातील या एका बदलाने छुपी प्रकाशयोजना किती सोपी झाली हे या दोन आकड्यांवरून कळते.

सुरक्षित म्हणजे उजळ नव्हे. पातळी २ असलेला कोपरा डोळ्यांना अंधाराच जाणवतो, आणि दिव्यावरचा गालिचा मात्र आसपासच्या गालिच्यापेक्षा ठळक उजळ दिसतो. अशी उजेडाची तळी पडली की दिवा कोठे पुरला आहे हे चाणाक्ष पाहुणा लगेच ओळखतो. यावर उपाय म्हणजे आवश्यकतेपेक्षा अधिक दिवे जवळ जवळ देऊन उजेड सपाट करणे, किंवा तळे पडण्यास कारण दिसेल अशा ठिकाणी, उदाहरणार्थ शेकोटीजवळ वा खिडकीखाली, दिवा पुरणे.

बहुमजली इमारतीत एक दिवा दोन मजल्यांना पुरवता येतो. मजल्यांमधील जमीन एकाच ठोकळ्याच्या जाडीची असेल, तर तिच्यात बसवलेला ठोकळा वरच्या मजल्याची फरशी आणि खालच्या मजल्याचे छत असे दोन्ही असतो. वरून गालिचा व खालून ट्रॅपडोअर लावला की दोन्ही बाजूंनी तो झाकला जातो आणि दोन्हीकडे १४ पातळी देतो.

आखणी पडताळण्यासाठी जावा आवृत्तीत एफ३ कळ दाबतात. पडद्यावर येणाऱ्या माहितीत खेळाडू उभा असलेल्या घराची आकाशाची व ठोकळ्यांची प्रकाशपातळी वेगवेगळी दाखवली जाते. यांतील ठोकळ्यांचा आकडा पाहावयाचा असतो. दिवसा एकूण आकडा पाहून समाधान मानल्यास रात्री पस्तावण्याची वेळ येते.

हिम, पाणी आणि शेती

हिमप्रदेशात लपवलेला दिवा स्वतःच स्वतःची चुगली करतो. ठोकळ्यांच्या प्रकाशाची पातळी ११ च्या वर गेली की जमिनीवरचा हिमाचा थर वितळतो. फरशीच्या पातळीवर पुरलेल्या १५ च्या दिव्याभोवती अशी १३ घरे येतात. म्हणजे शुभ्र मैदानात शंकरपाळ्याच्या आकाराची उघडी जमीन दिसू लागते. पाण्यावरचा साधा बर्फही याच कारणाने वितळतो, घट्ट बर्फ मात्र वितळत नाही. हिमप्रदेशात म्हणूनच १० पातळीचा सोल कंदील वापरण्याचा प्रघात आहे. सोल कंदिलाला पिग्लिन हे नेदरमधील जीव घाबरून दूर राहतात, हा त्याचा दुसरा उपयोग.

तळ्यात सी लँटर्न तळाशी वाळूच्या रांगेत बसवतात. समुद्री काकडीसारखा दिसणारा सी पिकल हा जीव केवळ पाण्याखाली असतानाच प्रकाश देतो. एका घरात १ ते ४ सी पिकल लावता येतात व त्यानुसार पातळी ६, ९, १२ किंवा १५ होते. मॅग्माचा ठोकळा पाण्याखाली अंधुक चमकतो म्हणून काही जण तो तळ्यात टाकतात. त्यापासून केवळ ३ पातळी मिळते आणि त्यावरील बुडबुड्यांचा ओघ पोहणाऱ्याला खाली ओढतो. शोभेसाठी हा सौदा महाग पडतो.

पिके वाढण्यास किमान ९ पातळी लागते. ९ × ९ घरांच्या शेताच्या मध्यभागी पाण्याचे एक घर ठेवण्याची पद्धत रूढ आहे, आणि त्या पाण्याखाली दिवा पुरणे हा सहज सुचणारा उपाय आहे. पाण्याच्या घरात पातळी १४, त्याच्या वर १३, आणि तेथून ४ पावलांपर्यंतच्या पिकांना ९ वा अधिक मिळते. शेताच्या ८० घरांपैकी अशी घरे ४० भरतात. उरलेल्या कोपऱ्यांतील निम्म्या पिकाला या दिव्याचा पुरेसा उजेड मिळत नाही. ते वाढवायचे असेल तर बांधावर आणखी दिवे द्यावे लागतात.

चालू-बंद होणारे दिवे

रेडस्टोन दिवा २०१२ च्या १.२ आवृत्तीत आला. रेडस्टोनचा संकेत मिळेपर्यंत तो काळोखा असतो. छपरावर बसवलेला सूर्यप्रकाश-संवेदक उलट स्थितीत ठेवला, तर सायंकाळ झाली की संकेत सुरू होतो व गालिच्याखालील दिवे आपोआप लागतात. ही योजना रस्त्यासाठी व अंगणासाठी निर्वेध आहे. बंदिस्त खोलीसाठी ती धोक्याची आहे, कारण दिवसा दिवे विझतात, खिडक्या नसल्यास आत पातळी ० होते आणि हल्लेखोर जीव भर दुपारी घरात उपजतात. २०२४ च्या १.२१ आवृत्तीतील तांब्याचा दिवा एकदा संकेत मिळाल्यावर पुढील संकेतापर्यंत तसाच राहतो. तांबे गंजत जाते तसा त्याचा उजेड १५ वरून १२, ८ व ४ असा उतरतो. मेण लावल्यास गंजणे थांबते.

अदृश्य प्रकाश ठोकळा

'लाइट' नावाचा एक ठोकळा पूर्णतः अदृश्य आहे. तो जावा आवृत्तीत १.१७ पासून उपलब्ध झाला. त्याची पातळी ० ते १५ अशी हवी तशी ठरवता येते, त्याच्यातून आरपार चालता येते आणि तो हातात धरलेला असतानाच त्याची जागा दिसते. सामान्य खेळात मात्र तो मिळत नाही. तयार नकाशे रचणाऱ्यांना तो वरदान ठरला. दीर्घकाळ कष्ट करून जग उभारणारे खेळाडू त्याला पळवाट समजतात व गालिचा-ट्रॅपडोअरच पसंत करतात.

उजेडाचा आभास

काही वस्तू चमकताना दिसतात, पण प्रकाश देत नाहीत. चमकत्या माखलीच्या शाईने रंगवलेली पाटी अंधारात स्पष्ट वाचता येते, चमकती चौकट आतील वस्तू उजळ दाखवते, आणि ती माखली स्वतःही पाण्यात लखलखते. या तिन्हींमुळे प्रकाशपातळी मुळीच वाढत नाही. चमकत्या चौकटींनी सजवलेला बोळ उजळ वाटतो, पण तेथे क्रीपर निर्धास्तपणे उपजू शकतो. उलटपक्षी, खालच्या अंगाला बसवलेल्या अर्ध्या ठोकळ्यांची फरशी कितीही काळोखी असली तरी तिच्यावर ते उपजत नाहीत. म्हणून ज्या दालनात अंधारच हवा, तेथे दिव्याऐवजी अशी फरशी घालतात.

किरणरेखनाचा परिणाम

खेळाच्या बेडरॉक आवृत्तीत २०२० पासून, सुसंगत संगणकांवर, प्रकाशकिरणांचा प्रत्यक्ष मार्ग काढून दृश्य रंगवण्याची सोय आहे. या पद्धतीत उजेड अंकांवरून न रंगवता दिसणाऱ्या प्रकाशमान पृष्ठभागापासून काढला जातो. गालिच्याने ते पृष्ठभाग झाकले की किरण बाहेर येत नाहीत आणि खोली डोळ्यांना काळोखी दिसते. जावा आवृत्तीतील प्रचलित शेडर संच दृश्य कितीही बदलत असले, तरी त्यांतील बहुतेक खेळाच्या मूळ प्रकाशपातळ्यांवरच आधारलेले असतात, त्यामुळे तेथे गालिच्याखालील दिवा पूर्ववत काम देतो. दोन्ही प्रकारे दृश्य पाहिले जाणार असेल अशा बांधकामात दिवा पूर्ण न झाकता छिद्रांच्या ट्रॅपडोअरमागे किंवा विरळ पानांत ठेवला जातो.